बातमी कुठे अडते ते पाहा, मग लॅपटॉप घ्या

जून लागला की मला एक ठरावीक फोन येतो. या वर्षी तो निफाडहून आला. "मॅडम, पोरीला पत्रकारितेला घातलंय. द्राक्षाचे पैसे आलेत, त्यातले साठ हजार बाजूला काढलेत. लॅपटॉप कोणता घेऊ?"

बावीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यात बातमीदारी केली, आता आठवड्यातून दोन दिवस पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. या प्रश्नाला उत्तर म्हणून मी मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण आज सांगितलेलं मॉडेल दिवाळीपर्यंत दुकानात असेलच असं नाही. मी त्या भाऊंना विचारलं, "पोरीच्या हातात आत्ता फोन कोणता आहे? आणि साठ हजार सगळे लॅपटॉपलाच घालायचे ठरवलेत का?" ते म्हणाले, "म्हणजे काय, अजून कशाला लागतात?"

अजून बऱ्याच गोष्टींना लागतात. बातमी आधी टिपावी लागते, मग ती सांभाळावी लागते, लिहावी किंवा व्हिडिओ असेल तर कापावी लागते आणि शेवटी पाठवावी लागते. लॅपटॉपचं काम फक्त तिसऱ्या टप्प्यावर असतं. मुलांच्या बातम्या मात्र मी बहुतेक वेळा पहिल्या आणि चौथ्या टप्प्यावर अडलेल्या पाहिल्या आहेत: आवाजच आलेला नसतो, नाहीतर व्हिडिओ जातच नाही. म्हणून बजेट शंभर रुपये धरलं तर त्यातले साठाच्या आसपास लॅपटॉपला, पंचवीस-तीस फोनला आणि उरलेले माईक, स्टँड, पॉवर बँक आणि साठवणीला, अशी विभागणी मी सुचवते. फोन आधीच चांगला असेल तर ते पैसे लॅपटॉपकडे वळवा. माईकचे पैसे मात्र कशासाठीही वळवू नका.

चाळ, आवार आणि लिलाव

नाशिकच्या एम. जी. रोडवर दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा एका दमात सांगतो: "आय-फाईव्ह, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी." हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि कांद्याच्या बाजारावरून सांगितलं की आमच्याकडच्या मुलांना ते चटकन कळतं.

एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची जागा, ही शेतावरची कांदाचाळ. माल तिथे महिनोन् महिने राहतो. रॅम म्हणजे बाजार समितीचं आवार. लिलाव आवारातच होतो, चाळीत नाही. म्हणून ज्या मालाचं काम आज आहे तो चाळीतून काढून आवारात आणावा लागतो. प्रोसेसर, म्हणजे तो आय-फाईव्ह, ही लिलाव पुकारणारी माणसं. ती कितीही झपाट्याची असली तरी आवारात दहाच ट्रॅक्टर मावत असतील तर बाकीचे रस्त्यावर रांगेत उभे राहणार. लॅपटॉप 'हँग होतो' तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं: पुकारणारे मोकळे बसलेत, पण आवारात जागा नाही. आणि संध्याकाळी आवार रिकामं होतं. लॅपटॉप बंद पडला की रॅममधलं सगळं जातं, सेव्ह न केलेली बातमी जाते ती यामुळेच.

आता आकडे. विंडोज स्वतःच तीन-चार जीबी रॅम अडवून बसतं. वर ब्राउझरच्या पंधरा टॅब, व्हॉट्सअॅप आणि लिहिण्याची फाईल उघडली की आठ जीबी भरत येते. फक्त लेखन, संशोधन आणि फोटो असतील तर आठ जीबीवर भागतं. व्हिडिओ कापायचा असेल तर सोळा हवी. पैसे कमी असतील तर आठ जीबीचा घ्या, पण दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "रॅमची एक खाच रिकामी आहे का?" अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, पक्की जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. हा प्रश्न विचारणारे पालक मला फार कमी भेटले आहेत, आणि दुसऱ्या वर्षी त्याचाच पश्चात्ताप होतो.

चाळीपासून आवारापर्यंतचा रस्ताही महत्त्वाचा. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी देते, साधी, 'साटा' प्रकारची एसएसडी पाचशेच्या आसपास आणि 'एनव्हीएमई' प्रकारची हजारोंच्या घरात. म्हणून जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नवा झाल्यासारखा वाटतो. अगदी स्वस्त लॅपटॉपवर 'ईएमएमसी' (एसएसडीपेक्षा स्वस्त आणि संथ साठवण) लिहिलेलं आणि चौसष्ट जीबी साठवण दिसली तर तो घेऊ नका, कितीही चकचकीत असला तरी. विंडोजचे दोन-चार मोठे अपडेट आले की त्यात जागाच उरत नाही.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवत नाही. इंटेलचा आय-३ किंवा आय-५, एएमडीचा रायझन ३ किंवा रायझन ५, आणि शक्य तितकी अलीकडची पिढी. नवा आय-३ पुष्कळदा सात-आठ वर्षं जुन्या आय-५ला मागे टाकतो. व्हिडिओ उलगडून दाखवण्याची सोय आता प्रोसेसरमध्येच असते, त्यामुळे साध्या बातमीच्या संपादनाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गेमिंग लॅपटॉप त्यासाठी घेतला तर अडीच किलोचं ओझं आणि तीन तासांत संपणारी बॅटरी पदरी पडते. निफाड-नाशिक एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मुलीच्या पाठीवर दीड किलोच्या वर काही नको. पडदा फुल एचडी आणि आयपीएस असावा, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाहीत. उजेड निदान तीनशे निट्स असावा. अडीचशेच्या पडद्यावर दुपारी झाडाखाली बसूनही नीट वाचता येत नाही.

मॅकबुकबद्दल मुलं हमखास विचारतात. नोव्हेंबर २०२० पासून आलेले अॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅकबुक एअर बॅटरी आणि व्हिडिओ संपादन दोन्हींत फार चांगले आहेत, हे खरंच. पण रॅम आणि साठवण नंतर वाढवता येत नाही, आणि काही छोट्या कार्यालयांत पान लावायची जुनी सॉफ्टवेअरं आहेत ती विंडोजवरच चालतात. पहिल्या लॅपटॉपसाठी मी विंडोजच सांगते.

जुना घ्यायचा असेल तर

ऑफिसांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप विद्यार्थ्यांसाठी वाईट नसतात. उलट त्यांची बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असते. फक्त एक तारीख लक्षात ठेवा: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच लॅपटॉप घ्यायचा, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. पिढी नावातच असते. आय-५ ८२५०यू म्हणजे आठवी, आय-५ १२३५यू म्हणजे बारावी. आय-५ ७२०० असेल तर ती सातवी. विक्रेता कितीही सांगो, नको म्हणा. माहिती देणाऱ्यांची नावं, कागद, ध्वनिमुद्रणं ज्या यंत्रात असतात त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसणं पत्रकाराला परवडत नाही.

बॅटरी तपासायची सोपी युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला आज्ञा लिहून द्यायची खिडकी, उघडून 'powercfg /batteryreport' असं टाईप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आजची साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

वापरलेला फोन घेताना त्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक येईल. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. चोरीचा फोन पत्रकाराच्या हातात सापडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मराठी टाईप करण्याचं काय?

लॅपटॉपच्या चर्चेत हा विषय कुणी काढत नाही, आणि मराठी पत्रकाराचा अर्धा दिवस तर त्यातच जातो.

जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, त्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असायचा. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला बातमी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसायची. शोध घेता यायचा नाही, वेबसाईटवर टाकता यायची नाही. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगातल्या प्रत्येक फोनवर 'क'च राहतो. काही कार्यालयांत पान लावण्यासाठी अजून जुने फॉन्ट आहेत, तिथे रूपांतर करून देता येतं. पण तुम्ही स्वतः लिहायचं ते युनिकोडमध्येच.

कीबोर्ड कोणता? फोनवर बोलून टाईप करा, 'ghar' लिहून 'घर' करा, काही हरकत नाही. लॅपटॉपवर मात्र इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिका. तो विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये आधीपासूनच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. रोज अर्धा तास दिला तर महिनाभरात हात बसतो. 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ऱ' येतो, 'ल'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ळ'. इंग्रजी स्पेलिंगने टाईप करणारी मुलं 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत हमखास फसतात. एक समुद्र आहे, दुसऱ्या डोंगराळ सुरगाण्यात आहेत. देवनागरी छापलेला कीबोर्ड शोधत फिरू नका. पहिला महिना तक्ता छापून भिंतीला लावला की पुरतं.

पान लावायला किंवा फोटोवर मथळा टाकायला अॅडोबची सॉफ्टवेअरं वापरणार असाल आणि जोडाक्षरं फुटून दिसत असतील, तर फॉन्टला दोष देऊ नका. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा किंवा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझरचा पर्याय निवडायचा राहिलेला असतो.

आवाज

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी लासलगावला लिलाव पाहायला गेले होते. एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टरला टेकून उभे होते. त्यांनी भाव पडल्यावर घरात काय होतं ते पाच मिनिटं सांगितलं, एकही शब्द वाया न घालवता. मी फोन दोन हात अंतरावर धरला होता. चित्र सुंदर आलं. आवाजात ट्रॅक्टर होता, वारा होता, लिलावाचा पुकारा होता. बाबांचा एक शब्द कळत नव्हता. परत गेले तेव्हा ते निघून गेले होते. ती मुलाखत कधीच छापली गेली नाही, दाखवलीही गेली नाही.

यामागचं शास्त्र साधं आहे. माईक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की माईकपर्यंत पोचणारा आवाजाचा दाब दुप्पट होतो. दोन मीटरवरून पाव मीटरवर आणलं तर आठपट. मागचा ट्रॅक्टर मात्र जिथे होता तिथेच, तेवढाच राहतो. म्हणजे माईक महाग असण्यापेक्षा जवळ असणं जास्त कामाचं. हजार-बाराशे रुपयांचा वायरचा कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावला, तर दोन मीटरवरच्या महागड्या फोनपेक्षा तो चांगला ऐकतो. त्यावर केसाळ टोपी चढवा, वारा तुटतो.

घेताना पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाईलची. चुकीची पिन बसते नीट, फक्त आवाज येत नाही. फोनला हेडफोनचं गोल भोक नसेल तर टाईप-सीचं अॅडॉप्टर लागेल, आणि ते आवाजाची चिप असलेलं घ्या. नुसत्या तारा जोडलेलं स्वस्त अॅडॉप्टर बऱ्याच फोनवर चालत नाही. काही फोनचं स्वतःचं कॅमेरा अॅप बाहेरचा माईक घेतच नाही, तेव्हा ओपन कॅमेरासारखं मोफत अॅप टाकून त्यात बाहेरचा माईक निवडायचा.

दुकानातच तपासा. रेकॉर्डिंग चालू करा, माईकवर नखाने हलकेच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. ऐकताना पहिलं मोठं आलं तर माईक लागलाय. दुसरं मोठं आलं तर फोन अजून स्वतःच्याच कानाने ऐकतोय. त्या निफाडच्या मुलीने हे केलं. वडिलांच्या कॉलरला माईक लावला आणि त्यांना कांद्याचा भाव सांगायला लावला. रस्त्यावरचे हॉर्न मागे राहिले, भाव पैशापर्यंत ऐकू आला.

बिनतारी माईक सोयीचे असतात, पण स्वस्तातले बहुतेक वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरतात त्याच लहरींवर चालतात. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत. रामकुंडावर लाखो फोन एकत्र येतील तेव्हा त्या लहरींवर केवढी दाटी असेल याचा विचार करा, आणि पिशवीत वायरचा माईक असू द्या.

फोन आणि व्हिडिओ

मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा चार-चार ठिपके जोडून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि बातमीला तेवढा भरपूर असतो. दोन मेगापिक्सेलचे 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' कॅमेरे संख्या वाढवायला असतात. विचारा ते 'ओआयएस' आहे का, म्हणजे हात हलला तरी भिंग स्वतः सावरतं का. अंधारात आणि चालत्या गर्दीत त्याचा फरक पडतो. साठवण निदान १२८ जीबी, परवडली तर २५६. 'व्हर्च्युअल रॅम'साठी, म्हणजे साठवणीचाच तुकडा रॅम म्हणून वापरण्यासाठी, जादा पैसे देऊ नका. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. चारपेक्षा कमी सांगितलं तर दुसरा फोन बघा.

पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं हे दाखवायला दर पावसाळ्यात मुलं गोदाकाठी धावतात. फोनवर पाण्या-धुळीपासून बचावाचा दर्जा आयपी५४ लिहिला असेल तर तो शिंतोडे सोसतो, धो-धो पाऊस नाही. आयपी६८ असला तरी कंपनीची वॉरंटी पाण्याने झालेलं नुकसान सहसा भरत नाही. पारदर्शक पाऊचला शंभर-दीडशे रुपये लागतात, ते खर्च करा. आणि पुराच्या पाण्यात पाय घालू नका, कुठल्याही चित्रासाठी नाही.

घरात ट्यूबलाईटखाली घेतलेल्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण वीज आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात.

आता फोर-केचं, म्हणजे नेहमीच्या १०८० पिक्सेलपेक्षा जास्त बारकाव्याच्या व्हिडिओचं. साध्या स्वरूपातला १०८० पिक्सेलचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेतो, फोर-के साधारण ३५०. दोन मिनिटांची बातमी म्हणजे २६० किंवा ७०० एमबी. नेटचा वेग 'मेगाबिट'मध्ये सांगतात, फाईल 'मेगाबाईट'मध्ये असते, आणि एका बाईटमध्ये आठ बिट असतात. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर पहिली फाईल सात मिनिटांत जाते, दुसरीला जवळपास एकोणीस लागतात. ऑफिसातला डेस्क वाट पाहत असतो तेव्हा ही बारा मिनिटं फार मोठी असतात. मुलांना मी १०८०वरच ठेवायला सांगते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते चित्र दाबून बारीक करतं. दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. पेठ-सुरगाण्याकडे एकीची रेंज असते तिथे दुसरीची नसते.

पॉवर बँकेवरचा आकडा पाहून फसू नका. १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. पाच हजार एमएएच बॅटरीच्या फोनला सुमारे १९ वॉट-तास लागतात, आणि वाटेत काही उष्णतेत जातं. म्हणजे फोन दोनदा नाही, दीडदाच भरतो. लॅपटॉपचंही गणित तेच: ५० वॉट-तासांची बॅटरी लिहिताना दहा वॉट खर्च झाले तर पाच तास, व्हिडिओ कापताना पंचवीस झाले तर दोन. लॅपटॉप टाईप-सीवर चार्ज होणारा असेल तर फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकच ६५ वॉटचा चार्जर चालतो. मी तरी त्यालाच पसंती देते.

टिपलेली मूळ फाईल कधीही कापू नका. तिची प्रत करून प्रतीवर काम करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची 'हॅश' म्हणजे तिचा अंकी ठसा द्यावा लागतो. एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो. बातमीवरून कुणी कोर्टात खेचलं तर मूळ फाईलच कामाला येते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर. मेमरी कार्ड व्हिडिओचा वेग झेपेल अशा व्ही३० खुणेचं आणि बिलासकट घ्या. बनावट कार्ड १२८ जीबी म्हणून मिरवतं आणि बत्तीस भरल्यावर जुन्या फाईली गिळायला लागतं.

त्या भाऊंनी शेवटी बारमाही चालेल असा, दुरुस्त करून विकलेला, दहाव्या पिढीचा, सोळा जीबीचा लॅपटॉप घेतला. ओआयएसवाला फोन, वायरचा माईक, छोटा स्टँड, पॉवर बँक आणि एक बाहेरची एसएसडी घेऊनही साडेचार हजार उरले. ते पोरीने परत दिले नाहीत. त्यातून एसटीचा पास काढला आणि दुसऱ्या सिमचं वर्षभराचं रिचार्ज केलं.